भेंडीचे वाण आणि हंगामाची कसोटी



बियाणे विकणारा जेव्हा म्हणतो, "हा वाण भरपूर पिकतो," तेव्हा शेतकऱ्याने त्यास एकच प्रश्न विचारावा : कोणत्या हंगामात? भेंडी उन्हाळ्यात एक गुण दाखविते आणि पावसाळ्यात दुसरा. उन्हाळी झाड बेताचे वाढते. म्हणून दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर पुरते. पावसाळ्यात तेच झाड उंच व पसरट होते. त्याला ६० सेंटिमीटर मोकळीक हवी. थंडीत बी नीट उगवत नाही, आणि पारा ४२ अंशांपलीकडे गेला की फुले गळतात.

त्यातच केवडा रोगाचे संकट. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, फळे फिकट व निबर होतात. हा विषाणू पांढरी माशी पसरविते. रोग जितक्या लहान वयात गाठतो, तितकी हानी मोठी.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची 'पुसा सावनी' १९६० च्या सुमारास आली, तेव्हा ती केवड्याला दाद देत नसे. पुढे तिची ही शक्ती ओसरली. मग परभणीच्या कृषी विद्यापीठाने भेंडीच्या एका रानटी भाईबंदाशी तिचा संकर करून 'परभणी क्रांती' सिद्ध केली. बंगळूरच्या 'अर्का अनामिके'तही असेच रानटी रक्त आहे. तात्पर्य, वडिलांच्या काळी नावाजलेला वाण मुलाच्या शेतात तसाच टिकेल, असे गृहीत धरू नये.

गोव्यातील सात शिरांची भेंडी या पाचशिरी सुधारित वाणांहून निराळी. पावसाळी बाजारात तिला मान आहे. तेव्हा केवळ वजन मोजून भागत नाही; गिऱ्हाईक काय मागते, हेही पाहावे लागते.

मग पारख कशी करावी? संबंध शेत नव्या वाणाच्या स्वाधीन करू नये. तो फसला तर घरचा हंगाम बुडतो. एकाच जमिनीत जुन्या व नव्या वाणाच्या काही ओळी आलटून पालटून लावाव्या. खत, पाणी व पेरणीचा दिवस एकच ठेवावा. पहिले फूल कधी आले, केवड्याची झाडे किती, प्रत्येक तोडणीचे वजन किती, हे वहीत टिपावे. तोडणी दोन-तीन दिवसांआड दोन्हीकडे एकाच वेळी करावी. फळे जून होऊ दिली, तर वजन फसवे वाढते आणि पुढचा बहर मंदावतो. झाडाची उंची पाहूनही भुलू नये, कारण विकायची असतात ती फळे.

एवढे करूनही एका हंगामाचा निकाल अर्धाच समजावा. हीच ताळेबंदी उन्हाळी व खरीप अशा दोन्ही वेळी करावी. पुष्कळदा असे आढळेल की, उन्हाळ्यासाठी एक वाण बरा आणि पावसाळ्यासाठी दुसरा. तसे असेल, तर दोन्ही वाणांचे बी घरी वेगवेगळे ठेवावे आणि डब्यांवर हंगामाचे नाव लिहावे.