वरच्या वजनगटात जावं का?



संयोजकांनी मला ‘तुझ्या क्षेत्राबद्दल दहा मिनिटं बोल’ असं सांगितलं होतं. पण जेवणाच्या आधी तुम्हाला सॉफ्टवेअर ऐकवणं बरं नव्हे, म्हणून मी बॉक्सिंगबद्दल बोलणार आहे. हसा, हसा. पी.टी.च्या तासाला झाडाखाली बसून राहणारी ही मुलगी आज बॉक्सिंगवर बोलते आहे, याचं सर्वांत जास्त आश्चर्य आपल्या पी.टी.च्या सरांनाच वाटत असेल. पण गेली दहा-बारा वर्षं मी हा खेळ मन लावून बघते, आणि आता माझी मुलगीही खेळते.

या खेळाच्या चाहत्यांमध्ये एक वाद कायम चालू असतो. एखादा बॉक्सर आपल्या वजनगटात इतका वरचढ झाला की समोर कुणी टिकतच नाही, तर त्यानं वरच्या गटात जायला हवं का? ‘खरा मर्द असेल तर जाईल’ असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, ‘का जावं? त्याचं घर तेच आहे.’

आधी वजनगटाचं गणित सांगते. आपल्याकडे जत्रेच्या फडात वजन-वय बघून जोड लावतात, तसाच हा प्रकार, फक्त काट्यावर मोजून. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये पारंपरिक १७ गट आहेत. सर्वांत खालचा १०५ पौंडांचा, म्हणजे साधारण साडेसत्तेचाळीस किलोंचा, आणि सर्वांत वरच्याला मर्यादाच नाही. वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं. खेळाडू अंगातलं पाणी कमी करून काट्यावर उभे राहतात आणि रात्रीतून बरंचसं परत भरून काढतात. त्यामुळे वरच्या गटात जाणाऱ्यासमोर कागदावर दिसतो त्यापेक्षा जास्त जड माणूस उभा असतो, आणि त्याची हाडंही मोठी असतात.

वर जाताना सगळं कसब सोबत येत नाही. पायांची चपळाई, अंतराचा अंदाज, नेमक्या क्षणी ठोसा टाकणं, हे येतं. ठोशातला दणका आणि मार पचवण्याची ताकद मात्र खालच्या गटाच्या हिशेबानं कमावलेली असते. त्यासाठी अंगावर स्नायू चढवले, तर त्यांना श्वास पुरवताना चपळाई कमी होण्याचा धोका.

आता उदाहरणं. केल ब्रूक हा इंग्लंडचा बॉक्सर १४७ पौंडांच्या गटात अजिंक्य होता. २०१६ मध्ये तो थेट १६० पौंडांत गेला आणि गेनाडी गोलोव्हकिनसमोर उभा राहिला. सुरुवातीला छान खेळला. पाचव्या फेरीत त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल आत आला. उजव्या डोळ्याभोवतीचं हाड मोडलं होतं. पुढच्या वर्षी तो आपल्या जुन्या गटात परतला, तर त्या लढतीत डाव्या डोळ्याजवळचं हाड मोडलं.

रॉय जोन्सची गोष्ट वेगळी. २००३ मध्ये १७५ पौंडांच्या गटातून तो हेवीवेटमध्ये गेला आणि स्वतःपेक्षा सुमारे १५ किलो जड असलेल्या जॉन रुइझला सहज हरवून आला. सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. पण मग चढवलेलं वजन उतरवून तो पुन्हा १७५ मध्ये आला. पहिली लढत कशीबशी जिंकला, आणि २००४ मध्ये अँटोनियो टार्व्हरनं त्याला दुसऱ्याच फेरीत आडवं केलं. वय झालं होतंच, पण वर जाण्याची किंमत परतीच्या वाटेवरही द्यावी लागते, असं मला त्यातून दिसतं.

मग कुणी वर जाऊच नये का? तसंही नाही. जपानचा नाओया इनोए बघा. १०८ पौंडांत विजेता, मग ११५, मग ११८. तिथले चारही पट्टे २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्याच्या कमरेला आले, तेव्हा त्यानं तो गट सोडला आणि पुढच्याच वर्षात १२२ पौंडांतले चारही पट्टे घेतले. एकेक पायरी, अंगाला सवय होईपर्यंत थांबून. आणि टेरेन्स क्रॉफर्डनं सप्टेंबर २०२५ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, १५४ वरून १६८ पौंडांत उडी मारून कॅनेलो अल्वारेझला हरवलं. त्याची सगळी भिस्त सोबत नेता येणाऱ्या गोष्टींवर होती, डोक्यावर आणि पायांवर.

आपल्या मेरी कोमला तर निवडच नव्हती. २०१२ पर्यंतची तिची पाचही जागतिक विजेतेपदं ४५ ते ४८ किलोंतली. लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचं बॉक्सिंग पहिल्यांदा आलं, तेव्हा गट होते फक्त तीन: ५१, ६०, ७५. ती ५१ मध्ये गेली, उपांत्य फेरीत निकोला ॲडम्सकडून हरली आणि ब्राँझ घेऊन आली. नंतर २०१८ मध्ये दिल्लीत, पुन्हा ४८ किलोंत, तिनं सहावं जागतिक विजेतेपद मिळवलं. त्या ब्राँझला मी तिच्या सुवर्णांच्या बरोबरीनं मोजते.

आणि आपले खाशाबा जाधव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलोंच्या गटात सहावे. चार वर्षांनी हेलसिंकीला ५७ किलोंत ब्राँझ. कुस्ती वेगळी, पण काट्याचा प्रश्न तोच.

हे सगळं मी एवढ्या पोटतिडकीनं का सांगते, तर गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्या घरात आला. मुलगी चौदा वर्षांची. तिच्या गटात जिल्ह्यात तिला हरवणारं कुणी उरलं नव्हतं. पण अंग भरत होतं, उंची वाढत होती. स्पर्धेच्या आधीचे चार दिवस ती पोळी मोजून खायची, पाणी घोट-घोट प्यायची. तिचं म्हणणं, ‘आई, एवढं वर्ष याच गटात काढू दे, पदक नक्की आहे.’ २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट अंतिम लढतीच्या सकाळी फक्त १०० ग्रॅमनं कशी बाद झाली, ते तिनंही पाहिलं होतं. तरीही नक्की मिळणारं पदक सोडवत नव्हतं. तिच्या प्रशिक्षकांनी एकच वाक्य सांगितलं: वाढत्या मुलीचा गट तिचं शरीर ठरवतं, कपाट नाही. ती वरच्या गटात गेली. पहिल्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत गुणांवर हरली. घरी येऊन पोटभर जेवली, हे मला त्या दिवशी पदकापेक्षा मोठं वाटलं. अजून तिला त्या गटात काही मिळालेलं नाही. मिळेलच असंही मी तुम्हाला सांगणार नाही.

म्हणजे वाढत्या वयाच्या मुलांबाबत माझं मत पक्कं आहे: अंग वाढलं की वर जा, पदक गेलं तर गेलं. मोठ्यांचं काय? इथे मी मार्विन हॅगलरच्या बाजूची आहे. १९८० ते १९८७ तो १६० पौंडांचा विजेता होता, बारा वेळा त्यानं गादी राखली, आणि त्या गटाबाहेर कधी गेला नाही. पण कुणालाही नाही म्हटलं नाही. खालच्या गटांतून दुरान आला, हर्न्स आला, त्यांच्याशी लढला. शेवटी शुगर रे लेनर्ड आला आणि दोन विरुद्ध एक पंचांच्या निकालानं हॅगलर हरला. तो निकाल लोक आजही भांडून भांडून मांडतात, पण ‘हॅगलर वर का गेला नाही’ असं फारसं कुणी विचारत नाही. कारण त्यानं आपलं दार उघडं ठेवलं होतं. राहायचं तर असं राहावं. एका गटात ठाण मांडायचं आणि वर सोपे प्रतिस्पर्धी निवडायचे, त्याला मात्र माझी हरकत आहे.

आता सेहेचाळिशीत हा प्रश्न आपल्याला सगळे विचारतात. बावीस वर्षं झाली, मी अजून कोड लिहिते. माझ्या हाताखाली शिकलेली मुलं मॅनेजर झाली. नातेवाईक विचारतात, ‘अजून तेच करतेस?’ आपल्यातल्या एकीनं मुख्याध्यापकपद नाकारून वर्गात शिकवणं पसंत केलं. एकानं वडिलांचं दुकान एवढंच ठेवलं, दुसरी शाखा काढली नाही. आणि काहींनी चाळिशीनंतर नोकरी सोडून नवं काही मांडलं, त्यांच्यातल्या दोघांना चांगलाच मार बसला. त्यांना इथे सगळ्यांसमोर सांगते, ब्रूकला पहिल्या चार फेऱ्यांत जे जमलं ते खोटं नव्हतं.

जे वर गेले त्यांनी उतरायची वाटही आधी बघून ठेवावी. जे राहिले त्यांनी दार लावून घेऊ नये. मी माझ्यापुरतं एक ठरवलं आहे: दर वर्षी माझ्यापेक्षा जास्त येणाऱ्या एखाद्या तरुण मुलीबरोबर बसायचं, तिच्याकडून माझं काम तपासून घ्यायचं, आणि तिनं चूक दाखवली तर मान्य करायची. माझ्या गटातला हर्न्स मला असाच भेटतो.

सर, पी.टी.च्या तासांना झाडाखाली काढलेल्या वेळाची थोडी भरपाई आज झाली असं समजा. माझी दहा मिनिटं संपली. चला, जेवायला जाऊ.