व्हाइटफील्ड : सनदेने वसविलेले गाव



स्वागताध्यक्षाने आपल्या गावाच्या प्राचीनत्वाची ग्वाही द्यावी, एखाद्या स्वयंभू देवस्थानाचा किंवा पडक्या किल्ल्याचा दाखला काढावा, आणि मग निवासाच्या व भोजनाच्या व्यवस्थेत राहिलेल्या उणिवांबद्दल क्षमा मागून खाली बसावे, असा आपल्या परिषदांचा संकेत आहे. क्षमेचा भाग मी आरंभीच उरकून घेतो. कारण होप फार्मच्या चौकातील वाहनांच्या गर्दीत आपणांपैकी अनेकांचा जो वेळ गेला असेल, त्याला स्वागतसमिती जबाबदार नसली तरी यजमान म्हणून संकोच आम्हांलाच वाटतो. प्राचीनत्वाच्या बाबतीत मात्र माझी पंचाईत आहे. हे गाव १८८२ साली म्हैसूर दरबारच्या एका हुकमाने, आधी कागदावर आणि मग जमिनीवर, असे अवतरले.

त्यापूर्वी येथील भूमी निर्मनुष्य होती, असा अर्थ कोणी करू नये. काडुगोडी, हगदूर, वरतूर, पट्टंदूर अग्रहार ही कन्नड गावे आधीपासूनच नांदत होती. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून बंगळूर घेतल्यावर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि होसकोटे व कोलार हीही त्याच जहागिरीतील ठाणी असल्यामुळे, कवी जयराम पिंड्ये ज्या दरबाराचे वर्णन ‘राधामाधवविलासचंपू’त करतो त्या दरबाराची सत्ता या मुलखावरही चालत होती. ते चंपूकाव्य इतिहाससंशोधक राजवाड्यांनी उजेडात आणले, हे आपणांस सांगावयास नकोच. परंतु व्हाइटफील्डच्या इतिहासात मराठ्यांना यापेक्षा अधिक जागा देण्याचा मोह मी आवरतो. आपल्या परिषदांतून तो नेहमीच आवरला जातो असे नाही.

पन्नास वर्षांच्या इंग्रजी अंमलानंतर १८८१ च्या मार्चमध्ये म्हैसूरचे राज्य वोडेयार घराण्याकडे परत आले. गादीवर तरुण चामराजेंद्र, दिवाणगिरीवर रंगाचार्लू, आणि १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने खचलेला मुलूख, अशा त्या समयी महाराजांनी युरेशियन अँड अँग्लो-इंडियन असोसिएशनला शेतकी वसाहतीसाठी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. या देणगीत औदार्य होतेच. पण लागवडीखालची जमीन वाढावी ही राज्यकारभाराची निकडही तिच्यामागे असावी, असे मला वाटते. ज्यांच्या नावाने हे गाव ओळखले जाते ते डेव्हिड व्हाइट मद्रासच्या युरेशियन, म्हणजे युरोपीय व भारतीय अशा मिश्र वंशाच्या, समाजाचे पुढारी होते. रेल्वे, तारखाते आणि सरकारी कचेऱ्या यांच्या नोकऱ्यांवर ज्याची सारी भिस्त आहे, ज्याला इंग्रज आपल्यात घेत नाही आणि ज्याला एतद्देशीयांत मिसळवत नाही, अशा समाजाने स्वतःच्या जमिनीवर स्वतःच्या श्रमाने उभे राहावे, ही त्यांची कल्पना होती. ते १८८९ साली निवर्तले.

गावाची आखणी वर्तुळाकार होती. मधोमध मोकळे मैदान, त्याभोवती रस्ता, रस्त्याला लागून प्रशस्त आवारांचे बंगले. इनर सर्कल या भागात ती आखणी आजही ओळखता येते. गावे अशी हुकमाने निर्माण करण्याची हौस एकट्या म्हैसूरची नव्हे. रशियाच्या सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनने १७७५ च्या प्रांतरचनेनंतर कित्येक खेड्यांना फर्मानाने शहराचा दर्जा देऊन टाकला, आणि राजधानीत मंजूर झालेले सरळ रस्त्यांचे नकाशे चिखलातल्या वस्त्यांवर बसविले. पुढच्या शतकात गोगोल आणि चेखव यांनी ज्या सुस्त, कंटाळलेल्या जिल्ह्याच्या गावांना अजरामर केले, त्यांतील अनेक गावे या कारखान्यातून निघालेली होती. नकाशा काढणाऱ्याला चौक आणि कचेरी काढता येते. तेथील माणसाने पोट कशावर भरावे, हे नकाशात दाखविता येत नाही.

व्हाइटफील्डचेही तसेच झाले. १९०७ च्या सुमारास येथे अवघी ४५ कुटुंबे होती. ज्यांच्या घराण्यात नांगर कोणी धरला नव्हता, त्यांना कोलारच्या सोन्याच्या खाणींचा आणि रेल्वेचा महिन्याचा पगार पावसाच्या भरवशावरील पिकापेक्षा अधिक खात्रीचा वाटला, तर त्यांना दोष कोण देईल? शेतकऱ्यांचे गाव म्हणून योजिलेली ही वसाहत हळूहळू निवृत्तांचे गाव झाली. रविवारची प्रार्थना, आवारातली फळझाडे, पेन्शनीची वाट आणि रेल्वे स्टेशनापर्यंतची लांबलचक निवांत वाट, एवढ्यावर येथील दिनक्रम चालत असे. योजना फसली, पण गाव टिकले. मी त्याला अपयश म्हणणार नाही.

येथे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चर्चिलची गोष्ट ऐकविली जाते. तरुण लष्करी अधिकारी असताना तो बंगळूरच्या छावणीत होता हे खरे, आणि येथील वेव्हर्ली इन नावाच्या खानावळीच्या मालकाच्या कन्येसाठी तो घोड्यावरून येत असे ही आख्यायिका. त्याऐवजी बंगळूर क्लबाच्या वहीत त्याच्या नावावर १३ रुपये वसूल न होणारे म्हणून १८९९ साली जी नोंद झाली, ती मला अधिक मोलाची वाटते. इतिहासाला प्रेमापेक्षा थकबाकीचा पुरावा चांगला मिळतो.

पुढचे आपणांस ठाऊकच आहे. १९९० नंतरच्या दशकात भारत आणि सिंगापूर यांच्या सहकार्याने येथे इंटरनॅशनल टेक पार्क उभे राहिले, २००७ साली गाव बंगळूरच्या महानगरपालिकेत विलीन झाले, आणि २०२३ च्या मार्चमध्ये मेट्रो काडुगोडीपर्यंत आली. कौलारू बंगले पाडून मनोरे उठले, आणि तळ्यांची जी दशा झाली ती वरतूर तळ्याच्या फेसाने देशभर गाजली. या नव्या कचेऱ्यांतून पुणे, नागपूर, कोल्हापूर येथून आलेली मराठी मंडळीही स्थायिक झाली; व्हाइटसाहेबांच्या वसाहतवाल्यांप्रमाणे तीही चरितार्थासाठीच आली आहेत, आणि बहुतेकांना वर्तुळाकार रस्त्याचे कारण माहीत नाही.

म्हणून या परिषदेत जमलेल्या संशोधकांना माझी एक विनंती आहे. म्हैसूर दरबारच्या दप्तरातील या देणगीचे कागद, येथील चर्चांच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, इंग्लंड-ऑस्ट्रेलियास गेलेल्या कुटुंबांची पत्रे, आणि वसाहतवाल्यांच्या शेतांवर मजुरी केलेल्या आसपासच्या गावकऱ्यांच्या घराण्यांतून कन्नडात सांगितल्या जाणाऱ्या आठवणी, या चारही गोष्टी एकत्र आणल्याखेरीज या गावाचा इतिहास लिहिला जाणार नाही. त्यातही शेवटची गोष्ट आधी करावयास हवी, कारण कागद काही काळ थांबतील. या कामात स्थानिक साहाय्य लागेल तितके देण्यास स्वागतसमिती बांधलेली आहे.

आपणां सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करून मी अध्यक्ष महाराजांना परिषदेचे कामकाज सुरू करण्याची विनंती करतो.