टिप देणाऱ्याने स्वतः काय केलं?

जुलै २०२२ मध्ये यूट्यूबवर खोटी बातमी फिरली: साधना ब्रॉडकास्ट ही छोटी कंपनी अदानी समूह विकत घेणार. भाव चढला. सुमारे दोन हजार लहान भागधारक होते, ते ५५ हजारांवर गेले. सेबीच्या आदेशानुसार, त्याच वेळी काही प्रवर्तक चढ्या भावाने आपले शेअर विकत होते.

टीव्हीवरही हे घडलं. जानेवारी २०२१ च्या सेबी आदेशानुसार, एका निवेदकाने शिफारस करण्याच्या आदल्या दिवशीच त्याच्या घरच्यांच्या खात्यांतून ते शेअर घेतले गेले होते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे; माहिती आली की आधी तिचा उगम तपासतो. कंपनीची मोठी घोषणा एक्स्चेंजच्या वेबसाइटवर असते. तिथे नसेल तर थांबा आणि विचारा: मी घेतोय, मग विकतंय कोण?