आवई, ई-मेल आणि वाचकाचा विवेक



कै. गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. आजचा विषय वाचून काहींना आश्चर्य वाटले असेल. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या माणसाने संगणकाविषयी काय बोलावे? यंत्राच्या अंतरंगाविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही, हे मान्यच आहे. परंतु संगणकाच्या पडद्यावर जे उमटते ते अखेर कोणीतरी लिहिलेले असते, आणि लिहिलेले कसे वाचावे हे शिकवण्यातच माझी नोकरी गेली. फसवणुकीचा ई-मेल हा एक लेखनप्रकार आहे. त्याची घडण ठरलेली आहे. ती ओळखता आली तर निम्मे संरक्षण आपल्या हाती येते, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

हा प्रकार मराठी माणसाला नवा नाही, याची साक्ष आपली भाषाच देते. आपण थाप मारतो, हूल देतो, वावडी उडवतो, कंडी पिकवतो, आवई उठवतो. या शब्दांच्या छटा पाहण्याजोग्या आहेत. थाप मारणारा समोर उभा असतो. हूल दिली की ऐकणारा विचार न करता पळतो. आवई मात्र ‘उठते’. ती कोणी उठवली हे सहसा कळत नाही. खोट्या ई-मेलमध्ये हे तिन्ही गुण एकवटलेले असतात: मूळ कोणाची तरी थाप, वाचकाला दिलेली हूल आणि कर्ता हरवलेली आवई.

माझ्या पिढीतील श्रोत्यांना पोस्टकार्डांच्या साखळ्या आठवत असतील. कार्डावर एखाद्या देवतेचे नाव, खाली चमत्काराची हकिकत, आणि शेवटी आज्ञा की अशीच इतकी पत्रे इतक्या जणांना पाठवा. पाठवलीत तर धनलाभ, न पाठवलीत तर अनिष्ट. ही रचना कोठून उचलली, हे सांगावयास नको. स्तोत्राच्या अखेरीस फलश्रुती असते. पण स्तोत्राची फलश्रुती वाचकाला पुन्हा पाठाकडे वळवते, तर या कार्डाची फलश्रुती त्याला नुसते टपालपेटीकडे धाडते. मजकूर निमित्तमात्र, ‘पुढे पाठवा’ हाच खरा मजकूर. एकाने दहांना आणि त्या प्रत्येकाने आणखी दहांना पाठवले, तर सहाव्या पायरीला दहा लाख पत्रे होतात. पोस्टकार्डाला निदान पैसे पडत आणि हात दुखत. ई-मेलने हे दोन्ही अडसर दूर केले.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. त्याआधीच, १९९४ च्या अखेरीस, अमेरिकेत ‘गुड टाइम्स’ नावाची आवई उठली होती. ‘गुड टाइम्स’ असे शीर्षक असलेले पत्र नुसते उघडले तरी संगणकातील सारी माहिती पुसली जाईल, म्हणून सर्व मित्रांना सावध करा, असा तो निरोप होता. असा विषाणू अस्तित्वातच नव्हता. त्या काळचे ई-मेल म्हणजे साधी अक्षरे असत. ती वाचल्याने यंत्र बिघडण्याचे कारण नव्हते. परंतु विषाणू नव्हता असे तरी कसे म्हणावे? तो इशाराच विषाणू होता. तो यंत्रात न शिरता वाचकाच्या भीतीत शिरला आणि वाचकाच्याच हातून पसरला. १९९७ साली भीतीची जागा लोभाने घेतली. हे पत्र किती जणांना पाठवले जाते याचा माग बिल गेट्स ठेवीत असून पाठवणाऱ्याला पैसे मिळणार आहेत, अशी कंडी पिकली. पैसे कोणालाच मिळाले नाहीत. पत्र मात्र वर्षानुवर्षे फिरत राहिले.

यापुढची पायरी अधिक धूर्त होती. २००१ आणि २००२ साली अशी पत्रे फिरली की, तुमच्या संगणकात अमुक नावाची फाइल असेल तर तो विषाणू आहे, ताबडतोब पुसून टाका. वाचक शोध घेई, आणि फाइल खरोखरच सापडे! एका फाइलचे चिन्ह तर अस्वलाच्या पिल्लाचे होते. त्या विचित्र चित्राने संशयावर शिक्कामोर्तबच होई. वास्तविक त्या दोन्ही फाइली विंडोज प्रणालीच्याच होत्या, म्हणून त्या घरोघरी सापडत. घरगुती वापरात त्यांची गरज क्वचित पडे, म्हणून फार हानी झाली नाही. ‘सापडले, म्हणजे खरे’ हा तर्क किती पोकळ असतो, याचा मात्र हा उत्तम पाठ आहे.

काही आवाया खोट्या नसतात, शिळ्या असतात. १९८९ साली इंग्लंडमधील एका आजारी मुलासाठी शुभेच्छापत्रे पाठवण्याचे आवाहन निघाले. ते खरे होते. कार्डांचा विक्रम झाला, १९९१ साली अमेरिकेत शस्त्रक्रिया होऊन मुलगा बरा झाला, कुटुंबाने ‘आता पुरे’ अशी विनवणीही केली. तरी आवाहन थांबेना. कागदावरून ते फॅक्सवर गेले, फॅक्सवरून ई-मेलवर. मुलगा मोठा झाला, पत्रातला मुलगा मात्र आजारीच राहिला. कारण त्या पत्रावर तारीख नव्हती.

येथे आपल्या इतिहास-संशोधकांची आठवण होते. राजवाड्यांनी १८९८ पासून जुनी पत्रे छापण्यास आरंभ केला, तेव्हापासून मराठीत अस्सल कागदाची एक कसोटी रुजली आहे. पत्र कोणाचे, कोणाला, कोणत्या तारखेचे, त्यावर मोर्तब आहे काय, हे पाहिल्यावाचून संशोधक त्यावर विसंबत नाही. जुन्या पत्राच्या शेवटी ‘लेखनसीमा’ असा शिक्का असे. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी भर घालू नये, असा त्याचा अर्थ. आज आपल्याकडे येणाऱ्या निरोपांना मायना नाही, मिती नाही आणि लेखनसीमाही नाही. कोणीही मध्येच तोडावे, कोणीही पुढे जोडावे.

त्याचा परिणाम किती भीषण होतो, हे आपण हैदराबादकरांनी जवळून पाहिले आहे. २०१८ साली मुले पळवणाऱ्या टोळ्या आल्याची आवई व्हॉट्सअॅपवरून देशभर उठली. तिच्याबरोबर फिरणारी एक चित्रफीत मुळात कराचीत तयार झालेली, मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना जागे करणारी होती. पळवल्याचा अभिनय करून मुलाला परत आणून सोडतात, हा तिचा शेवट कोणीतरी कापून टाकला होता. लेखनसीमा पुसली, आणि उपदेशाचा पुरावा झाला! १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. १३ जुलै रोजी बिदर जिल्ह्यात, हैदराबादहून गेलेल्या मित्रांपैकी एकाने शाळकरी मुलांना चॉकलेटे दिली; आवई त्यांच्या गाडीच्या पुढे धावली, रस्ता अडवला गेला, आणि आपल्या शहरातील एक तरुण अभियंता जिवानिशी गेला. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. यंत्राने घातलेली ती लेखनसीमाच. पण बोट अखेर माणसाचे असते.

आता घरच्या संगणकापुरते काही व्यवहाराचे सांगतो.

पहिली गोष्ट, पत्र कोणाचे हे नावावरून ठरवू नये. नाव कोणालाही लावता येते. मागे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या नावाने पत्र आले: मी परदेशात अडकलो आहे, पाकीट चोरीस गेले, तातडीने पैसे पाठवा. पत्र सफाईदार इंग्रजीत होते आणि मायना ‘प्रिय मित्र’ असा होता. ज्याने तीस वर्षे मला रोमन लिपीत का होईना, पण ‘सा. न. वि. वि.’ लिहिल्यावाचून पत्र धाडले नाही, तो एकाएकी माझा ‘प्रिय मित्र’ कसा झाला? मी त्याच्या जुन्या क्रमांकावर दूरध्वनी केला. गृहस्थ सिकंदराबादेत घरीच चहा घेत होते. त्यांच्या ई-मेलचा परवलीचा शब्द चोरीस गेला होता. सांगावयाचे असे की शैली ही सहीच असते, आणि खात्री करावयाची तर आपल्याजवळ आधीपासून असलेल्या क्रमांकावर. पत्रात दिलेल्या नव्हे.

दुसरी गोष्ट, संकेतस्थळाचा पत्ता शेवटाकडून वाचावा. पहिल्या तिरप्या रेषेच्या आधीचे शेवटचे शब्द मालकाचे असतात. त्यांच्या आधी कोणत्याही बँकेचे नाव कोणीही जोडू शकतो. भारतीय बँकांनी ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट असलेले पत्ते घ्यावेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२५ साली ठरवून दिले. ही खूण लक्षात ठेवावी. कुलपाच्या चिन्हावर मात्र विसंबू नये. वाटेत कोणी मजकूर वाचणार नाही, एवढेच ते सांगते. पलीकडचा मनुष्य सज्जन आहे असे सांगत नाही.

तिसरी गोष्ट, सोबत जोडलेली फाइल. ४ मे २००० रोजी फिलिपाइन्समधून निघालेल्या ‘आय लव्ह यू’ पत्राला प्रेमपत्राच्या नावाची फाइल जोडलेली होती. ती साधा मजकूर भासे, होता प्रोग्राम. कारण नावाचा शेवटचा तुकडा विंडोज लपवून ठेवी. अनपेक्षित फाइल ओळखीच्या माणसाकडून आली तरी त्याला विचारूनच उघडावी.

चौथी गोष्ट, ओटीपी आणि परवलीचा शब्द कोणालाही सांगू नये. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. ई-मेलला दुहेरी पडताळणी लावून घ्यावी. पडद्यावर ‘तुमचा संगणक बिघडला, या क्रमांकावर फोन करा’ असे आले तर फोन न करता संगणक बंद करावा, आणि दूर बसलेल्या अनोळखी माणसाच्या हाती त्याचा ताबा देणारा कोणताही प्रोग्राम घेऊ नये. विंडोज १० ला मिळणाऱ्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. ज्यांच्या घरी ती आहे त्यांनी मुला-नातवंडांकडून व्यवस्था करून घ्यावी. छायाचित्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी.

पाचवी गोष्ट, पुष्कळांना एकच पत्र धाडताना पत्ते ‘बीसीसी’च्या रकान्यात घालावेत. साखळीपत्रांतून शेकडो पत्ते आयते ठकांच्या हाती पडतात.

शेवटची गोष्ट माझ्या वयाच्या मंडळींसाठी. हल्ली पोलीस किंवा सीबीआय अधिकारी असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कोणाशी बोलू नका’ असे धमकावतात. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. ‘कोणाला सांगू नका’ हे शब्द आले की ओळखावे, लबाडी आहे. आणि पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पैसा पुढच्या खात्यांत पांगण्याआधी कळवले तर तो अडवता येण्याची शक्यता अधिक. मुलांनाही माझी विनंती आहे. आईवडील सांगू लागले तर ‘एवढेही कळले नाही?’ असे विचारू नका. तुमच्या त्या एका वाक्याच्या भीतीने ती गप्प राहतात, आणि त्या मौनावरच ठकाचा धंदा चालतो.

श्रोतेहो, पूर्वी लिहिणारे थोडे आणि वाचणारे पुष्कळ होते. आज प्रत्येक वाचक प्रकाशक झाला आहे. प्रकाशकाची जबाबदारीही मग त्याच्याकडे आली. जो निरोप खरा आहे याची खात्री नाही, तो आपल्यापाशीच थांबवणे, ही त्याच्यावर उमटवलेली आपली लेखनसीमा. साखळी तुटण्यासाठी फार मोठे बळ लागत नाही. एक कडी न जोडली तरी पुरते.