वारीतला कॅमेरा

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



छायाचित्रणाचा छंद असलेल्या माणसाकडे आपला समाज थोडा कौतुकाने आणि बराचसा वैतागून पाहतो. लग्नकार्यात तो पंगतीत आडवा येतो. सहलीत सगळी मंडळी पुढे निघून गेली तरी हा मागे कुठल्यातरी पडक्या भिंतीपाशी रेंगाळत राहतो. आज ज्यांच्याविषयी बोलायचे ते गृहस्थ याच जातकुळीतले. राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी होते, २००१ साली स्वेच्छानिवृत्ती घेतली, आणि गेली पंचवीसहून अधिक वर्षे आषाढीच्या वारीत कॅमेरा घेऊन चालत आले आहेत. त्यांचे नाव येथे घेतलेले नाही. तशी त्यांचीच अट आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे टिपणारा माणूस स्वतःच्या नावाबद्दल इतका संकोची का, याचा उलगडा पुढे होईल.

१९९८ सालची गोष्ट. ज्ञानोबांच्या पालखीसोबत ते पहिल्यांदाच चालत होते. चालत होते म्हणण्यापेक्षा पळत होते, कारण छायाचित्रकार वारीत चालत नाही. तो पुढे धावतो, टेकाडावर चढतो, चित्र मिळाले की पुन्हा धावतो. दिवेघाटाचे वळण, जेजुरीचा भंडारा, सगळे रीतसर टिपून झाले होते. जेजुरीहून वाल्ह्याकडे जाताना दौंडजच्या खिंडीत न्याहारीचा विसावा असतो. तेथे रस्त्याच्या कडेला एक वृद्धा बसली होती. चेहऱ्यावर सुरकुत्यांचे जाळे, पुढे केलेला ओंजळीसारखा हात, आणि कोपऱ्यातून आत येणारा वाढणाऱ्याचा धूसर डाव. सावकाश भिंग जुळवून, लांबून, तिच्या नकळत त्यांनी कळ दाबली. कृष्णधवल फिल्मवरचे ते चित्र खरोखरच उत्तम आले होते. एका स्पर्धेत त्याला पहिले पारितोषिक मिळाले. चित्राखाली शीर्षक होते, ‘भूक’.

माणूस संस्कारी. ज्याचे चित्र काढले त्याला त्याची प्रत द्यावी, एवढी जाण होती. चित्रात मागे दिंडीच्या मालमोटारीवरचा क्रमांक पुसट दिसत होता. पुढच्या वर्षी त्या आधारे त्यांनी दिंडी शोधून काढली. वीणेकऱ्यांनी छायाचित्र पाहिले, हात जोडले आणि सांगितले, ‘माऊली माघात गेल्या.’ गावाचा पत्ता मिळाला. दिवाळीच्या सुट्टीत एस.टी.ने परभणीकडचे ते गाव गाठून त्यांनी तो मोठा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला मुद्रित फोटो मुलाच्या हाती ठेवला.

मुलाने तो बराच वेळ पाहिला. अक्षरओळख होती, शीर्षक वाचले. मग शांतपणे म्हणाला, ‘साहेब, आमची माय मागत नव्हती. परसाद घेत होती.’

बोलता बोलता कळले ते असे. शेगावच्या श्रीगजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना याच भागातून जाते. पालखी यायच्या दिवशी ही माय पहाटे तीनला उठून चुलीपुढे बसायची. दोनशे भाकरी घरातून जायच्या. घर काही मोठे नव्हते, जमीन कोरडवाहू. भाकरी बांधून दिल्या, पालखीपुढे डोके टेकवले की ती आळंदीची गाडी धरायची. म्हणजे जिने आठ दिवसांपूर्वी दोनशे भाकरी वाढल्या होत्या, तीच दौंडजच्या खिंडीत एक भाकरी घेत होती. स्पर्धेच्या परीक्षकांना आणि छायाचित्रकाराला त्यात भूक दिसली.

मुलाने फोटो परत दिला. ‘तुमच्यापाशीच राहू द्या,’ म्हणाला. रागाने नव्हे. घरात मायचा दुसरा एकही फोटो नव्हता, तरी तो परत दिला.

या एका वाक्याने त्या गृहस्थांच्या छंदाची दिशाच बदलली. त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी जो विचार केला, तो छायाचित्रणापुरता राहत नाही. सेवाकार्यात असलेल्या प्रत्येकाला तो लागू पडतो.

वारीत अन्न देणारा आणि घेणारा यांचे नाते पाहण्यासारखे असते. तुकोबांच्या पालखीला यवतला पिठलं-भाकरीचा पाहुणचार असतो. घरोघरी पीठ मळले जाते. पुण्याच्या मुक्कामात कोणी वारकऱ्यांच्या चपला शिवून देतो, कोणी दाढी-कटिंग करतो, डॉक्टर मंडळी पायाचे फोड बांधतात. या सगळ्यात एक बारकावा आहे. सेवा झाल्यावर वाकतो तो सेवा करणारा. वारकऱ्याच्या पायाला हात लावून तोच ‘माऊली’ म्हणतो. घेणाऱ्याने घेतले म्हणून देणारा कृतार्थ होतो. हा व्यवहार कॅमेऱ्याच्या चौकटीत सहजी मावत नाही, कारण पुढे केलेला हात भिकेसाठी असो की प्रसादासाठी, भिंगाला सारखाच दिसतो. फरक त्या हातामागच्या माणसाला ओळखण्यात आहे, आणि ओळख व्हायला वेळ लागतो, सोबत चालावे लागते.

परक्या डोळ्यांनी आपल्या समाजाकडे पाहण्याची सवय फार जुनी आहे. छायाचित्रणाची कला हिंदुस्थानात १८४०च्या सुमारास आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कार्यकारी मंडळावर होते. म्हणजे हौशी मराठी छायाचित्रकारांची परंपराही त्या काळापर्यंत मागे जाते. परंतु १८५७ नंतर सरकारला या देशातील माणसांची नोंद हवी झाली. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंड निघाले, त्यात चारशे अडुसष्ट छायाचित्रे. जात, जमात, स्वभाव, राजनिष्ठा असे शेरे मारून माणसे त्यात मांडली आहेत, संग्रहालयात फुलपाखरे टाचावीत तशी.

त्याहून अस्वस्थ करणारे उदाहरण हूपर या लष्करी अधिकाऱ्याचे. विलोबी वॉलेस हूपर हाही नोकरी सांभाळून छायाचित्रे काढणारा हौशीच. १८७६-७८च्या भीषण दुष्काळात मद्रास इलाख्यातील हाडांचे सापळे झालेली माणसे ओळीने बसवून त्याने चित्रे काढली. आजही ती पाहवत नाहीत. पुढे १८८६ साली ब्रह्मदेशात देहदंडाच्या वेळी गोळीबाराचा क्षण टिपण्याच्या त्याच्या खटाटोपामुळे इंग्लंडात गदारोळ झाला आणि त्याला चौकशीला सामोरे जावे लागले. आता, एकोणिसाव्या शतकातील दुष्काळांची अशी चित्रे विलायतेत मदतनिधीसाठीही वापरली गेली, हे मान्य करायला हवे. चित्राने मन द्रवते आणि पैसा उभा राहतो. प्रश्न एवढाच, की त्या ओळीत बसवलेल्या माणसाला कोणी काही विचारले होते का?

‘भूक’ हे शीर्षक देताना आपण हूपरच्याच रांगेत उभे होतो, असे ते बँक अधिकारी म्हणतात. हे त्यांनी स्वतःवर जरा जास्तच कडक होऊन म्हटले आहे; पण अगदी खोटेही नाही.

आपल्याकडे प्रवास आणि दान यांची सांगड कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीपासूनची. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. मिळालेले द्रव्य वाटेत लुटले गेले, पण आईवडिलांसाठी गंगेची कावड त्यांनी घरी आणलीच. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. त्यांनी जे पाहिले ते सोबत चालून, उपाशी राहून, लोकांच्या ओसरीवर झोपून पाहिले. म्हणून त्यात माणसे जिवंत आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरला, काशीला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून यात्रेकरूंची नावे पिढ्यानुपिढ्या लिहिलेली सापडतात. गाव, आडनाव, वडिलांचे नाव, सोबत कोण आले होते. खाली आलेल्याची सही किंवा अंगठा. त्या नोंदीत माणूस स्वतःहून उतरतो. नातू पन्नास वर्षांनी गेला तर आजोबांची सही त्याला दाखवली जाते. परभणीकडच्या त्या मुलाला त्याच्या मायची अशी एखादी नोंद हवी होती.

वारी म्हणजे समरसतेचे मूर्तिमंत रूप, असे आपण व्यासपीठांवरून सांगतो आणि ते बरेचसे खरे आहे. मात्र ज्या विठ्ठलाकडे ही वाट जाते, त्याच्या मंदिराचे दार सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले होते, हेही विसरता येत नाही. चोखोबांची समाधी पायरीशी आहे. भिंगातून सगळ्या टोप्या पांढऱ्या दिसतात. त्यामुळे छायाचित्रकाराला समता फार स्वस्तात सापडते.

येथून विषय घरच्या अंगणात येतो. किल्लारीचा १९९३चा भूकंप असो, कच्छचा २००१चा असो, ढिगाऱ्यात पहिल्या दिवसापासून राबलेल्या कित्येक कार्यकर्त्यांचे एकही छायाचित्र आज उपलब्ध नाही. प्रसिद्धीपासून दूर राहणे हा संस्कार होता. काहींना तो भाबडेपणा वाटे. आज मात्र दहा ब्लँकेट वाटली तरी वीस छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून फिरतात. एक ब्लँकेट, त्याला चार देणारे हात, आणि मध्ये संकोचाने मान खाली घातलेली एखादी म्हातारी. यामागे केवळ हौस नाही. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करण्याची जबाबदारी आली, ती १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली, आणि दिलेल्या पैशाचा सचित्र अहवाल मागितला जाऊ लागला. मागणाराही चुकीचा नाही. पैशाचा हिशेब द्यायलाच हवा. पण हिशेब पैशाचा द्यायचा की घेणाऱ्याच्या चेहऱ्याचा?

ते गृहस्थ आता अनेक सेवासंस्थांसाठी विनामूल्य छायाचित्रे काढतात, पण आपल्या पद्धतीने. धान्य वाटपाच्या रांगेचे चित्र ते काढत नाहीत. पोती उतरवणाऱ्यांचे काढतात. वसतिगृहातल्या मुलाचा फोटो काढायचा तर तो गणित सोडवताना, दात्याच्या हातून वही घेताना नाही. एका संस्थेने असा आग्रह धरला तेव्हा त्यांनी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि चहा घेऊन परतले. वारीत जाताना मागच्या वर्षीच्या छोट्या प्रतींचे पाकीट घेऊन जातात, दिंडीनुसार लावलेले. शंभरातल्या साठ-सत्तर प्रती योग्य हाती पडतात. उरलेल्यांमागे नावे लिहिलेली असतात, आणि त्यातल्या काही नावांपुढे ‘गेले’ असे लिहावे लागते. हे काम त्यांना अवघड जाते, असे त्यांच्या पत्नी सांगतात. ते स्वतः सांगत नाहीत.

२०२० साली महामारीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एस.टी. बसने पंढरपूरला गेल्या. घरात अडकलेल्या दिवसांत त्यांनी जुन्या निगेटिव्ह संगणकावर घ्यायला सुरुवात केली. १९९८चा तो रोल सापडला. पारितोषिकाच्या चित्रापुढे तीन चित्रे सोडून आणखी एक होते. त्यावर तेव्हाच लाल पेन्सिलीने फुली मारलेली, कारण चेहरा हलला होता. त्या चित्रात तीच माय उभी होती. न्याहारी आटोपून, पदर खोचून तिने वाढणाऱ्याच्या हातातला डाव घेतला होता आणि ती पंगतीत वाढत होती. हसत होती, हसण्यामुळेच चेहरा हलला असावा.

२०२२ साली वारी पुन्हा सुरू झाली. शेगावची पालखी परभणीकडे पोचायच्या दिवशी ते त्या गावी गेले. मुलगा आता साठीला आला आहे. फुली पुसून मोठे केलेले, तरीही अस्पष्टच असलेले ते चित्र त्याने उजेडात धरले, सुनेला हाक मारली, नातवाला हाक मारली. देवघराशेजारच्या भिंतीवर खिळा ठोकला गेला. चित्राखाली काय लिहायचे, असे नातवाने विचारले तेव्हा तिचे नाव आणि गाव, एवढेच ठरले.

तोवर बाहेर पालखीसाठी भाकऱ्यांची चवड लागली होती. ‘जेवून निघायचं,’ असे सुनेने बजावले, आणि ओसरीवर बसलेल्या या बँक अधिकाऱ्याने भाकरीसाठी हात पुढे केला. नातवाने भ्रमणध्वनी उचलून त्या क्षणाचा फोटो काढला. मग जवळ येऊन त्याने तो त्यांना दाखवला आणि विचारले, ‘काका, ठेवू का?’