पदवी आणि गणवेश : दोहोंची सांगड

(लाखांदूर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा माझा विषय थोडा निराळा आहे. आपल्या तालुक्यात पहाटे रस्त्याने धावणारी मुले सर्वांनी पाहिली आहेत. विचारले तर सांगतात, 'भरतीची तयारी चालू आहे.' कौतुकाची गोष्ट आहे. परंतु सैन्य म्हणजे केवळ जवानांची भरती, असा आपल्याकडे समज होऊन बसला आहे. सैन्यात अधिकारी होण्याचाही मार्ग आहे आणि तो आपल्या साध्या महाविद्यालयातूनच जातो, हे फार थोड्या घरांना ठाऊक असते. ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याही मनात एक धास्ती असते : मुलगा परेड आणि शिबिरे करीत बसला तर त्याच्या पदवीचे काय? ही धास्ती चुकीची नाही, पण तिला उत्तर आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. पदवीनंतरच्या प्रवेशांत पदवी आणि गणवेश या दोन वेगळ्या वाटा नाहीत. पदवी नाही तर कमिशन नाही. त्यामुळे अभ्यास बाजूला सारून केवळ परेडच्या मागे लागणारा मुलगा शेवटी दोन्हींना मुकतो.

आता मार्ग पाहू. राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे आपली एन. सी. सी., १९४८ साली कायद्याने स्थापन झाली. महाविद्यालयात तिचे 'बी' आणि 'सी' असे दोन दाखले मिळतात. दोन वर्षांच्या प्रशिक्षणानंतर 'बी' आणि तिसऱ्या वर्षी 'सी' परीक्षा होते. परेडला ७५ टक्के हजेरी लागते आणि शिबिरे करावी लागतात. 'सी' दाखल्यात किमान 'बी' श्रेणी आणि पदवीला एकूण ५० टक्के गुण असतील, तर १९ ते २५ वयाच्या अविवाहित तरुण-तरुणींना सैन्याच्या एन. सी. सी. विशेष प्रवेशासाठी अर्ज करता येतो. त्यांना लेखी परीक्षा माफ असते. निवड मंडळाची पाच दिवसांची मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी पार पडली व गुणवत्ता यादीत नाव लागले, की चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत ४९ आठवड्यांचे प्रशिक्षण मिळते.

ज्या महाविद्यालयात छात्रसेनेचे पथक नाही तेथील विद्यार्थ्यांनी निराश होऊ नये. संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा घेतो. तिला छात्रसेनेची अट नाही. सैन्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते.

आता मुख्य मुद्दा : तीन वर्षांची आखणी कशी करावी? आपण धान पिकविणारे लोक आहोत. पऱ्हे वेळेवर टाकले नाहीत तर रोवणी लांबते आणि रोवणी लांबली की उतारा घटतो, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. पदवीचेही तसेच आहे.

पहिले वर्ष पऱ्ह्यांचे. याच वर्षी छात्रसेनेत नाव नोंदवा आणि कठीण वाटणारे विषय आधी मार्गी लावा. पहिल्या सत्रात राहिलेला विषय तिसऱ्या वर्षापर्यंत मागे लागतो. एक ए.टी.के.टी. दिसायला लहान असते, पण तिच्यामुळे पदवी वेळेत हाती पडत नाही आणि अकादमीत हजर होण्याची तारीख कोणासाठी थांबत नाही.

दुसरे वर्ष शिबिरांचे. वार्षिक शिबिर साधारण दहा दिवसांचे असते. सत्र पद्धतीत अंतर्गत मूल्यमापन सतत चालू असल्याने दहा दिवसांची गैरहजेरी जाणवते. म्हणून शिबिराला जाण्यापूर्वी प्रत्येक प्राध्यापकांना भेटा, गृहपाठ व प्रात्यक्षिकांच्या तारखा विचारून घ्या, लेखी परवानगी घ्या. महाविद्यालयातील छात्रसेनेचे अधिकारी हे बहुधा तेथीलच प्राध्यापक असतात. आपल्या नागपूरजवळच्या कामठीलाच अशा अधिकाऱ्यांची प्रशिक्षण अकादमी आहे. त्यांना दोन्ही बाजू ठाऊक असतात, तेव्हा संकोच न करता त्यांचा सल्ला घ्या.

तिसरे वर्ष कापणीचे. 'सी' परीक्षा साधारणपणे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते आणि शेवटच्या सत्राचा अभ्यासही तेव्हाच असतो. येत्या काही वर्षांत रमजानही जानेवारी-फेब्रुवारीत येणार आहे. रोजे, परेड आणि अभ्यास ही तिन्ही एका महिन्यात येणार हे आधीच माहीत असेल, तर डिसेंबरपर्यंत अर्धा अभ्यास उरकून ठेवणे आपल्या हाती आहे.

थोडा हिशेबही करू. शेवटच्या वर्षात शिकत असतानाच अर्ज करावयाचा असेल, तर तीन वर्षांच्या पदवीसाठी पहिल्या दोन वर्षांत ५० टक्के हवेत. एखाद्याला दोन्ही वर्षी ४६ टक्के मिळाले, तर त्याला त्या वेळी अर्जच करता येत नाही. तिसऱ्या वर्षी ५८ टक्के मिळवून त्याने सरासरी ५० वर आणली, तरी तोवर वेळ गेलेला असतो. केवळ चार टक्क्यांनी संधी पुढे ढकलली जाते, आणि वयाची मर्यादा तर चालूच असते.

सुदैवाने आजची शिक्षणव्यवस्था पूर्वीपेक्षा लवचिक आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर महाराष्ट्रातील पदवीच्या आराखड्यात सहअभ्यासक्रमांना श्रेयांक आहेत आणि त्यांत छात्रसेनेचाही समावेश आहे. प्रवेश घेतानाच विचारा : आपल्या महाविद्यालयात छात्रसेनेचे पथक आहे काय? तिचे श्रेयांक मिळतात काय? मिळवलेले श्रेयांक आता श्रेयांक बँकेत जमा राहतात. त्यामुळे अडचणीमुळे शिक्षणात खंड पडला, तरी केलेले कष्ट वाया जात नाहीत. चार वर्षांच्या ऑनर्सचा मोह असेल तर आधी वयाचा हिशेब करा. कमिशनसाठी तीन वर्षांची पदवीही पुरते.

दहावीतील मुलांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. बारावीनंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जाता येते. तेथे सैन्यासाठी कोणतीही शाखा चालते, परंतु नौदल व वायुदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. अकरावीला घेतलेला निर्णय येथे दार उघडतो किंवा बंद करतो. या तयारीसाठी राज्य शासनाने १९७७ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था काढली. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला २०२३ साली सुरू झाली. प्रबोधिनीत मुलींना २०२२ पासून प्रवेश मिळाला आणि मे २०२५ मध्ये पहिल्या १७ मुली तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

आणि जो मुलगा आधीच जवान म्हणून गेला आहे त्याचेही शिक्षण संपलेले नाही. सेवेतील पात्र जवानांना डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजमधून पदवी घेऊन अधिकारी होता येते. अग्निवीरांसाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने अशी पदवी आखली आहे की तिचे निम्मे श्रेयांक सेवेतील प्रशिक्षणातूनच मिळतात.

आपल्या समाजाला हे नवे नाही. एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ १९७८ ते १९८१ या काळात वायुसेनाप्रमुख होते आणि पुढे १९८२ ते १९८५ आपल्याच महाराष्ट्राचे राज्यपाल. कर्नल सोफिया कुरेशी यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात एम. एस्सी. केले आणि १९९९ साली चेन्नईच्या अकादमीतून कमिशन मिळविले. २०१६ साली पुण्यात झालेल्या बहुराष्ट्रीय सरावात भारतीय तुकडीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. त्यांनी आधी शिक्षण पूर्ण केले, मग गणवेश चढविला. मुलीला परेडला पाठवावे की नाही, या विचारात असलेल्या मातापित्यांनी हे उदाहरण आठवावे.

पालकहो, आपल्याकडे एकच मागणे आहे. रोवणीचे दिवस असोत की दुकानातील सणाची गर्दी, परीक्षेचे पंधरा दिवस आणि शिबिराचे दहा दिवस मुलांचे मुलांना द्या. वर्षाच्या सुरुवातीला त्यांच्याबरोबर बसून या तारखा कॅलेंडरवर लिहा. परेड, परीक्षा आणि घरचे काम यांची वेळ आधी ठरली, तर ओढाताण निम्मी कमी होते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, जागा मोजक्या आहेत, निवड कठीण आहे. निवड मंडळाकडून एकदा परत पाठविले तर पुन्हा जाता येते. कदाचित शेवटपर्यंत यश येणारही नाही. परंतु ५० टक्क्यांच्या वर गुण मिळवून पदवी तुमच्या हाती असेल, तर शिक्षकी, बँक, शासकीय सेवा, सगळी दारे उघडीच राहतील, आणि छात्रसेनेने लावलेली शिस्त तेथेही उपयोगी पडेल. पदवी न सांभाळता धावलात, तर मात्र परतायला जागा उरणार नाही. म्हणून धावा जरूर, पण पुस्तक बरोबर घेऊन.

 जय हिंद!