प्रेसखाली गेलेली दोन बोटं

(वस्तीतल्या वाचनालयात तरुणांपुढं केलेलं भाषण)

मला इथं उभं केलंय खरं, पण मी भाषण ठोकणारा माणूस नाही. मॅट्रिक झालो आणि गोदीत लागलो. दिवसभर साखळदंड, वायररोप, हूक. रात्री डोळे उघडे राहिले तर चार ओळी लिहितो. सा कुठं संपतो न् रे कुठं सुरू होतो, हे मला विचारू नका. पण हात म्हणजे काय, ते विचारा. ज्याचं पोट हातावर असतं त्याला हात कळतो.

आज एका गोऱ्या गिटारवाल्याची गोष्ट सांगतो. तुम्ही म्हणाल, आपली बेंजो पार्टी सोडून हा साला इंग्लंडात कुठं निघाला? थांबा. फिरून इथंच येणार आहे.

बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर. त्यात ॲस्टन नावाचा कामगारांचा भाग. तिथं टोनी आयोमी वाढला. जन्म १९४८. घर मूळचं इटालियन, आईबापाचं छोटं दुकान. पोराला ड्रम पाहिजे होते. घरात ड्रमचा धिंगाणा कोण सोसणार? मिळाला ॲकॉर्डियन. पुढं गिटार हातात आली. पोरगा डावखुरा. म्हणजे डाव्या हातानं तारा छेडायच्या न् उजव्या हाताच्या बोटांनी दाबायच्या. हे ध्यानात ठेवा.

२०११ साली त्यानं 'आयर्न मॅन' नावाचं आत्मचरित्र लिहिलं. त्यात गल्लीतल्या बँडच्या आठवणी आहेत. 'रॉकिन शेवरोलेज' नावाचा बँड होता. पोरं लाल चमचमते सूट घालून वाजवायची. आपल्याकडं बेंजोवाले एकसारखे शर्ट शिवतात, तसंच की. दिवसा कारखाना, रात्री क्लब. मग दुसऱ्या एका बँडबरोबर जर्मनीला वाजवायला जायचं ठरलं. आयोमीनं पत्र्याच्या कारखान्यातली नोकरी सोडली. साल १९६५, वय १७.

कामाचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला आणि आईला म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, जा, दिवस पुरा करून ये. आपल्या आया तरी दुसरं काय सांगतात? काम अर्धं टाकू नये. तो गेला. त्याचं काम वेल्डिंगचं. पण त्या दिवशी प्रेस चालवणारा आला नव्हता, म्हणून ह्याला प्रेसवर बसवलं. सवय नाही, शिकवणं नाही. प्रेस हातावर आली. त्यानं हात हिसडून मागं ओढला, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची न् अनामिकेची टोकं तिथंच राहिली.

मित्रांनो, हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आमच्याकडं असं रोज होतं. गैरहजर माणसाच्या जागी कोणालाही उभं करतात. मुकादमाला टोळीत डोकी मोजायची असतात, हात मोजायचे नसतात.

डॉक्टर म्हणाले, गिटार विसर. पोरगा घरी पडून राहिला. मग कारखान्याचा मॅनेजर भेटायला आला, हातात एक रेकॉर्ड. म्हणाला, ऐक. आयोमीला गिटारचं नावसुद्धा नको होतं. तरी ऐकायला लावलं, आणि मग सांगितलं, हा माणूस दोनच बोटांनी सूर काढतो.

तो माणूस जँगो राइनहार्ट. १९१० साली बेल्जियममध्ये गाडीघरात राहणाऱ्या रोमा लोकांत जन्मला. युरोपात ह्यांना जिप्सी म्हणून हिणवतात. गावाबाहेर तळ, चोर म्हणून संशय, पोलिसांचा ससेमिरा. तुम्हाला काही आठवतंय का? आठवणारच. हे लोक शेकडो वर्षांपूर्वी आपल्याच मुलखातून तिकडं गेले. त्यांच्या बोलीत पाण्याला 'पानी' म्हणतात, नाकाला 'नाख', काळ्याला 'कालो'. हिटलरच्या राज्यात त्यांची लाखो माणसं मारली गेली.

१९२८ साली जँगोच्या गाडीघराला आग लागली. आत बायकोनं विकायला केलेली सेल्युलॉइडची फुलं होती, ती भडकली. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आखडली ती कायमची. त्यानं उरलेल्या बोटांवर नवी रीत बसवली, आणि १९३४ पासून पॅरिसच्या बँडमधून सगळ्या युरोपला जाझ ऐकवलं. गावाबाहेरच्या एका माणसाची रेकॉर्ड बर्मिंगहॅमच्या एका कामगार पोराला उठवून बसवते. कोणत्या विद्यापीठानं हे केलं असतं?

आयोमी उठला. भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली घेतली, वितळवली, गोळा केला. तापलेल्या सोल्डरिंगच्या सळईनं भोक पाडलं, घासून घासून बोटाला बसवलं. शिंपी घालतो तसं अंगुस्तान. तार निसटायला लागली म्हणून वर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. गिटारच्या तारा जाड, बोटं ठणकायची. बारीक तारा दुकानात मिळत नव्हत्या, म्हणून बँजोच्या तारा चढवल्या. त्यांचा बँजो वेगळा, आपला बटणांचा बेंजो वेगळा. पण नाव एकच, म्हणून मला गंमत वाटली.

मग परत गल्लीतले बँड. 'द रेस्ट' नावाच्या बँडमध्ये बिल वॉर्ड हा ड्रमवाला भेटला. दोघं 'मिथॉलॉजी' ह्या बँडसाठी उत्तरेला कार्लाइलला गेले, तो मोडला म्हणून परत आले. १९६८ साली ॲस्टनचेच आणखी दोघं जमले. गीझर बटलर आणि ऑझी ऑस्बर्न. ऑझीनं कत्तलखान्यात काम केलेलं, तुरुंगही पाहिलेला. शाळेत आयोमी त्याच्या एक वर्ष पुढं होता. मधे आयोमीला 'जेथ्रो टल' ह्या मोठ्या बँडनं बोलावलं. थोडे दिवस गेला, आणि परत आला. तिथून एक गोष्ट शिकून आला, की तालमीला कामावर आल्यासारखं सकाळी वेळेवर हजर राहायचं. आपल्या पोरांनाही त्यानं तसंच बसवलं. आधीचं नाव 'अर्थ'. त्या नावाचा दुसरा बँड निघाला, म्हणून १९६९ मध्ये नाव झालं 'ब्लॅक सॅबथ'. पहिली रेकॉर्ड एका दिवसात वाजवून १९७० साली बाजारात आणली. शहाण्या समीक्षकांनी नाकं मुरडली. म्हणे हे ओबडधोबड, हे संगीतच नव्हे. कामगारांच्या पोरांनी ती उचलून धरली.

तो आवाज कुठून आला? तारा सैल सोडल्या की तुटक्या बोटांना दाबायला सोप्या जातात. १९७१ च्या रेकॉर्डवर त्यानं तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. सैल तार खोल बोलते, जड बोलते. सगळी बोटं लागतील असे भरगच्च स्वरमेळ त्याला जड जात, म्हणून दोन-तीन सुरांचे ठोसे. आज जगभर ज्याला हेवी मेटल म्हणतात, त्याच्या पायाशी एका कामगाराची दोन बोटं आहेत. ५ जुलै २०२५ ला हे चौघं त्याच ॲस्टनमधल्या व्हिला पार्क मैदानावर शेवटचे एकत्र वाजले. ऑझी २२ जुलैला गेला.

आता नीट ऐका. ह्या गोष्टीचा लोक एक गोडगोड अर्थ लावतात. म्हणतात, बघा, अपघात झाला म्हणून प्रतिभा फुलली. जखम म्हणजे देणगी. साफ खोटं! जखमेनं काही दिलं नाही, जखमेनं बोटं नेली. आयोमीला ती बोटं कायम हवीच होती. दिलं ते हातानं. ज्या हाताला पत्रा, सोल्डर, वेल्डिंग ठाऊक होतं, त्या हातानं स्वतःचं बोट घडवलं. ते कारागिराचं कौतुक करा, प्रेसचं करू नका. एक आयोमी उभा राहिला म्हणून ज्यांची बोटं गेली न् जे गप्प झाले, त्यांचा हिशोब मिटत नाही.

हे मी का बोलतोय? आपल्या बेंजो पार्टीतला एक पोरगा आज मागच्या रांगेत बसलाय. नाव घेत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत त्याचा बेंजो सुरू झाला की म्हाताऱ्यासुद्धा गॅलरीत यायच्या. गेल्या पावसाळ्यात प्रेसनं त्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. तिथंही दुसऱ्याच्याच मशीनवर बसवला होता. कंत्राटदार म्हणतो, पोराचीच चूक. बेंजो माळ्यावर चढलाय, पोरगा कोणाशी बोलत नाही. मी दोनदा त्याच्या दारावरून गेलो, आत जायचं धाडस झालं नाही. कवी म्हणवतो स्वतःला! काय बोलायचं ते सुचत नव्हतं.

आता सुचलंय. भाऊ, बेंजोची बटणं दाबायला बोटाचं टोक लागतं, ते आपण करू. बाटली मी आणतो, सोल्डरिंगवाला आपल्याच गल्लीत आहे. पहिलं बिघडेल, दुसरं टोचेल, दहावं बसेल. जुना सूर येणार नाही, दुसरा येईल. तो कसा असेल ते तुलाही आज ठाऊक नाही.

पण एक काम त्याआधी. सोमवारी मी पाळी बुडवतो. आपण दोघं नुकसानभरपाईचा अर्ज घेऊन जाऊ. कंत्राटदारानं विचारलं की आता काय वाजवतोस म्हणून, तर आधी बोटांचे पैसे मोज म्हणायचं, मग ऐकवतो.

माळ्यावरून बेंजो काढ. धूळ मी पुसतो.

जय भीम.